गरम पाणी येतंय ना?

इंग्लंडमध्ये बऱ्याच घरांत विजेचे दोन भाव असतात, एक दिवसाचा आणि एक रात्रीचा. योजनेचं नाव ‘इकॉनॉमी सेव्हन’, १९७८ साली सुरू झालेली. रात्रीचे सात तास वीज स्वस्त, जवळपास निम्म्या भावात. त्याची भरपाई म्हणून दिवसाची वीज साध्या दरापेक्षा थोडी महाग. कारण सरळ आहे. कोळशाची आणि अणुवीज केंद्रं रोज रात्री विझवून सकाळी पुन्हा पेटवणं परवडत नव्हतं, ती चालूच ठेवावी लागायची. लोक झोपलेले असायचे आणि वीज तयार होतच असायची. मग ती स्वस्तात घ्या आणि उष्णता करून घरात साठवून ठेवा, असा हा सौदा. खोल्या गरम ठेवणाऱ्या हीटरच्या पोटात जड विटा असतात, त्या रात्री तापतात आणि दिवसभर ऊब सोडत राहतात. अंघोळीचं पाणी एका मोठ्या टाकीत रात्री तापवून ठेवायचं, ते दुसऱ्या रात्रीपर्यंत पुरवायचं.

आपल्या बिलावर युनिट वाढले की टप्पा बदलतो आणि भाव चढतो, तेवढं गणित आपल्याला पाठ असतं. घड्याळ बघून पाणी तापवायची सवय आपल्याला नाही. मलाही नव्हती. हे सगळं मी २०२५च्या दिवाळीच्या सुट्टीत शिकले, पूर्व लंडनमधल्या एका भाड्याच्या फ्लॅटच्या कपाटासमोर बसून.

फ्लॅट माझ्या भाचीचा. मोठ्या बहिणीची ही मुलगी तिथल्या एका रुग्णालयात नर्स आहे. बाळंतपणाची रजा संपवून ती कामावर रुजू होणार होती, आठ महिन्यांच्या बाळाला सांभाळायला घरचं कुणीतरी हवं होतं. बहिणीचे गुडघे विमानप्रवासाला तयार नव्हते. शाळेला सुट्टी लागत होती, म्हणून तिच्याऐवजी मी गेले. जाताना बहिणीने मेथीचे लाडू, सोलापुरी शेंगाचटणी आणि बाळाच्या मालिशचं तेल दिलं होतं. मालिश झाली की बाळाला कडकडीत नाही तरी चांगल्या ऊन पाण्याने न्हाऊ घालायचं. तिथेच पहिल्या दिवशी गाडी अडली.

‘खाला, थोडं थांबा, बूस्ट लावते,’ भाची म्हणाली आणि भिंतीवरचं एक बटण दाबलं. तासाभराने पाणी आलं. मी विचारलं, रोज असंच करता का? म्हणाली, ‘हौ. ऑगस्टपासून असंच आहे. आणि बिल बघाल तर झोप उडेल.’

त्या फ्लॅटमध्ये गॅसची जोडणी नाही, सगळं विजेवर. स्वयंपाकघराला लागून एक उभं कपाट आहे, आणि त्यात दीडशे लिटरची तांब्याची टाकी, वरून पिवळट फोमचा जाड थर. मला पाहताक्षणी आमच्या अम्मीचा बंब आठवला. फरक एवढाच की बंबाला पोट आणि धुरांडं एकच असतं, कुठे जाळ आहे ते डोळ्यांना दिसतं. इथे जाळ दोन, आणि दोन्ही पोटात लपलेले. एक हीटर टाकीच्या तळाशी, एक वरच्या भागात, दोन्ही तीन किलोवॉटचे. तळाचा रात्रीच्या स्वस्त विजेवर चालतो आणि अख्खी टाकी तापवतो. वरचा हवा तेव्हा चालू करायचा, त्यालाच बूस्ट म्हणतात. पण गरम पाणी वर राहतं आणि गार खाली, त्यामुळे वरचा हीटर फक्त त्याच्या वरचंच पाणी तापवतो, साधारण एक तृतीयांश. तेही दिवसाच्या भावाने. पाहुणे आले, पाणी संपलं, तर अडीनडीला वापरायची सोय आहे ती. भाचीच्या घरी ती रोजची झाली होती.

भाचीची ड्यूटी बारा तासांची. रात्रपाळी करून सकाळी साडेआठला घरी यायची ती आधी अंघोळ, मग बाळ. फजरच्या वजूला भाचेजावई उठायचा तेव्हा नळाला पाणी असं की बोटं बधिर व्हावीत. त्यात तिथल्या जुन्या बेसिनला दोन वेगळे नळ असतात, एक गारचा, एक गरमचा, दोन्हींचं पाणी एकत्र येण्याची सोयच नाही. इंग्रजांनी जगावर राज्य केलं, पण एका नळातून कोमट पाणी काढणं त्यांना इतकी वर्षं का सुचलं नाही हे मला कुणी सांगू शकलं नाही. मी टमरेलात दोन्ही मिसळून वजू करायचे. गरमचा नळ गारच असल्यावर मिसळणार काय?

घरमालक कुणी पाहिलेला नाही. सगळा व्यवहार एका एजन्सीमार्फत. ऑगस्टपासून भाचीने तीनदा फोन केला होता आणि तिन्ही वेळा पलीकडून एकच प्रश्न आला होता, गरम पाणी येतंय ना? येतंय, पण बूस्ट लावल्यावर. मग झालं तर, गरम पाण्याची सोय चालू आहे. फोन ठेवला.

हा प्रश्न वरवर किती बिनतोड आहे बघा. नळ उघडला की पाणी गरम. बिघाड कुठे दिसतच नाही. तो दिसतो फक्त बिलात, आणि बिल भाडेकरूच्या नावावर येतं. पंखा बंद पडला तर घरमालकाला ऐकावंच लागतं. पंखा चालतोय पण दुप्पट वीज खातोय असं म्हणालात, तर तुम्हीच पंखा फार वापरता.

मी भाचीला म्हटलं, फोन पुरे, आता लेखी दे. तर ती म्हणाली, ‘नक्को खाला. घर मिल्या सो भोत है.’

मी गप्प बसले, कारण हे वाक्य लंडनचं नव्हतं. ते पुण्याचं होतं. नर्सिंग झाल्यावर तिने तिथे तीन वर्षं नोकरी केली. फोनवर भाडं ठरायचं, डिपॉझिट ठरायचं, कधी राहायला येता हेही ठरायचं. मग नाव विचारलं जायचं आणि फ्लॅट ‘कालच गेलेला’ असायचा. शेवटी जे घर मिळालं त्याच्या छतातून पावसाळ्यात पाणी ठिबकायचं, आणि ती दोन पावसाळे खाली पातेली ठेवून राहिली, मालकाला एका शब्दाने बोलली नाही. माझ्या वाचकांपैकी अनेकांनी अशी पातेली ठेवली असतील. ती सवय सामानाबरोबर विमानातून गेली होती.

तिच्या भीतीला तिथला आधारही होता. इंग्लंडमध्ये तेव्हा तरी मुदत संपलेल्या भाडेकरूला कसलंही कारण न देता दोन महिन्यांची नोटीस देता येत होती. ही तरतूद रद्द करणारा नवा कायदा मी तिथे असतानाच, २७ ऑक्टोबरला, राजाच्या मंजुरीने पक्का झाला. पण लागू व्हायला पुढचं वर्ष उजाडणार होतं. कायद्याची बातमी टीव्हीवर चालू होती आणि भाची म्हणत होती, आपल्याला नोटीस आली तर हा कायदा अजून आलेला नाही.

दरम्यान प्रत्येकाकडे एकेक निदान होतं. भाचेजावयाचं म्हणणं, दरच वाढलेत, टाकीला काही झालेलं नाही. वरच्या मजल्यावर सिल्हेटकडचे एक बुजुर्ग राहतात, तीस वर्षं याच इमारतीत. ते म्हणाले घड्याळाचा घोळ आहे. हा मुद्दा अगदीच पोकळ नव्हता. तिथे मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास पुढे आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एक तास मागे करतात, पण विजेचे बरेच जुने मीटर ते ऐकत नाहीत. ते बारा महिने हिवाळी वेळेवर चालतात. म्हणजे स्वस्त वीज हिवाळ्यात साडेबारा ते साडेसात असेल, तर उन्हाळ्यात घड्याळाप्रमाणे दीड ते साडेआठ. सकाळी साडेसातनंतर स्वस्त वीज नाही असं समजून एखादा उन्हाळाभर एक तास फुकट घालवतो, आणि दुसरा साडेबाराला वॉशिंग मशीन लावून तासभर महाग वीज जाळतो. पण यामुळे टाकी गार राहणार नाही, तापायची वेळ फक्त सरकेल. सात तास ते सातच.

तिसरं निदान एजन्सीचं, आणि ते ऐकून मी थक्क झाले. चौथ्या फोनला त्यांनी सांगितलं, रेडिओचा सिग्नल बंद झालाय, वीज कंपनीशी बोला. मला वाटलं भाचीने ऐकण्यात चूक केली. पण ती गोष्ट खरी निघाली. ब्रिटनमध्ये लाखो घरांच्या मीटरना ‘आता स्वस्त वीज सुरू’ हा निरोप कित्येक वर्षं रेडिओवरून जात होता. बीबीसीच्या रेडिओ फोरचं लाँगवेव्ह प्रक्षेपण चालायचं त्याच लहरींवर, बातम्या ऐकणाऱ्याला कळणारही नाही अशा पद्धतीने, हा निरोप मिसळलेला असायचा आणि मीटरजवळची एक डबी तो ऐकून तळाच्या हीटरची वीज जोडायची. ती यंत्रणा म्हातारी झाली, आणि ३० जून २०२५पासून ती टप्प्याटप्प्याने बंद करायला सुरुवात झाली. माझे वडील त्याच बीबीसीची उर्दू सर्व्हिस खरखरत्या ट्रान्झिस्टरवर ऐकायचे. तिकडे एखाद्याचा बंब रेडिओ ऐकून पेटतो हे त्यांना सांगता आलं असतं तर मजा आली असती.

निदान सुरेख होतं, तारखाही जवळपास जुळत होत्या. वीज कंपनीला फोन लावला, चाळीस मिनिटं संगीत ऐकलं. त्यांनी मीटरचा नंबर घेतला आणि सांगितलं, तुमचं मीटर रेडिओवरचं नाही, त्याचं स्वतःचं घड्याळ आहे, घरातल्या वायरिंगसाठी मालकाशी बोला. म्हणजे चेंडू पुन्हा एजन्सीकडे. एजन्सी म्हणते कंपनी, कंपनी म्हणते मालक, आणि तोवर बूस्ट चालू.

बी.एड.ला आम्हाला निदानात्मक चाचणी नावाचा प्रकार शिकवला होता. मुलाला वजाबाकी येत नाही एवढं म्हणून भागत नाही. हातचा घेताना चुकतो, की शून्यातून घेताना अडतो, की मुळात संख्या उलटी मांडतो, हे एकेक प्रश्न वेगळा करून बघायचं. एका प्रश्नात एकच गोष्ट तपासायची, नाहीतर उत्तर चुकलं तरी का चुकलं ते कळत नाही. गेली वीस वर्षं उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवताना मला याचा फार उपयोग झालाय. टाकीला का होऊ नये?

पहिला प्रश्न: पाणी किती तापतंय? लंडनच्या त्या न्हाणीघरातही आपली प्लास्टिकची बादली होती, पंधरा लिटरची. तासभर बूस्ट लावून गरमचा नळ सोडला. तीन बादल्या कडक, चौथी कोमट, पाचवी गार. दीडशे लिटरच्या टाकीत जेमतेम एक तृतीयांश पाणी तापत होतं. म्हणजे वरचा हीटर शाबूत आणि त्याचं काम तो चोख करत होता. ते पाणी वाया घालवलं नाही, बाळाचे कपडे धुतले.

दुसरा प्रश्न: रात्रीची वीज तळाच्या हीटरपर्यंत येते का? कपाटाशेजारी भिंतीवर दोन बटणं आहेत, दोन्हींवरची अक्षरं पुसलेली. वरच्या मजल्यावरच्या चाचांनी ओळख पटवून दिली होती, खालचं रात्रीचं, वरचं दिवसाचं. खालच्या बटणात एक बारीक लाल दिवा आहे. तो दिवसा कधी लागत नाही, कारण त्या वायरीत दिवसा वीजच नसते. घड्याळं मागे झाल्यानंतरच्या रविवारी रात्री, बाळाला झोपवून, मी शाल पांघरून स्वयंपाकघरात बसले. साडेबारा वाजून गेले आणि दिवा लागला. बिचारा लाल ठिपका, पण त्याने दोन संशयित एका क्षणात सोडवले. मीटरचं घड्याळ चालू होतं आणि रेडिओचा इथे काही संबंध नव्हता. वीज बटणापर्यंत येत होती.

पण दिवा फक्त वीज आल्याचं सांगतो, पाणी तापल्याचं नाही. म्हणून तिसरा प्रश्न: ती वीज पुढे कुणी खातंय का? याचं उत्तर मीटरकडे. मीटर खाली जिन्याजवळच्या सामाईक कपाटात, त्यावर दोन आकडे, एक दिवसाच्या युनिटांचा, एक रात्रीच्या. रोज रात्री अकराला आणि सकाळी आठला दोन्ही आकडे टिपायचे असं ठरवलं. भाची ड्यूटीवर असेल तेव्हा भाचेजावई जायचा. या तीन रात्री बूस्ट पूर्ण बंद ठेवला, म्हणजे ‘पाणी आधीच गरम होतं म्हणून खालचा हीटर चालला नाही’ असं म्हणायला कुणाला जागा राहू नये. तीन किलोवॉटचा हीटर गार टाकी साठ अंशांपर्यंत न्यायला पावणेतीन-तीन तास घेतो, म्हणजे रात्रीचे आठ-नऊ युनिट दिसायला हवेत. रविवारी रात्रीचा आकडा एकाने वाढला. सोमवारी एकाने. मंगळवारी दोनाने, कारण त्या दिवशी स्वस्त वीज म्हणून भाचेजावयाने दीड वाजता वॉशिंग मशीन लावलं होतं. फ्रिज आणि एखादा दिवा, बाकी काही नाही. वीज दारापर्यंत येऊन उभी होती आणि आत घेणारं कुणी नव्हतं.

म्हणजे दोष टाकीतच होता. एकतर तळाचा हीटर जळालेला, नाहीतर त्याचा थर्मोस्टॅट गेलेला. यापुढचं काम आमचं नव्हतं. झाकणाखाली दोनशे तीस व्होल्ट असतात. भाचेजावई स्क्रूड्रायव्हर घेऊन आला होता, त्याला मी वर्गात देते तशी नजर दिली.

मग भाचीला जुनी बिलं काढायला लावली. हेच सगळ्यात आधी करायला हवं, हे वाचणाऱ्या कुणाचं मूल परदेशात अशा घरात राहत असेल तर त्याला सांगा. दोन भावांच्या बिलात बिघाडाची तारीख लिहिलेली असते. जूनच्या बिलात रात्रीचे युनिट २८६. सप्टेंबरच्या बिलात ३४. दिवसाचे तितक्याच प्रमाणात फुगलेले. जुलैच्या मध्यापासून आकडा घसरायला लागला होता. घरात सगळ्यांना ऑगस्ट आठवत होता, कारण उन्हाळ्यात गार पाण्याचं कुणाला काही वाटलं नव्हतं. तिच्या बिलावर दिवसाचा दर ३१ पेन्स, रात्रीचा १४. अडीचशे युनिट स्वस्तातून महागात गेले की महिन्याला साडेबेचाळीस पौंड जादा. आपले जवळपास पाच हजार रुपये. तेच पाणी, तेवढंच पाणी, त्यातही कमी.

रुपयांचा आकडा ऐकल्यावर भाचीचा चेहरा बदलला. तेवढे पैसे ती दर महिन्याला अम्मीच्या औषधांसाठी पाठवते.

पत्र तिनेच लिहिलं, माझं इंग्रजी तेवढं नाही. मसुदा मात्र आम्ही दोघींनी आधी मराठीत केला. तिच्या पहिल्या खर्ड्यात बाळ होतं, थंडी होती, ‘कृपया’ चार वेळा होतं आणि ‘त्रास दिल्याबद्दल क्षमस्व’ सुरुवातीलाच. मी लाल पेन घेतलं. क्षमस्व कशाबद्दल? भाडं वेळेवर भरल्याबद्दल? बाळही काढलं. बाळ बघून कुणी कळवळेल, पण कळवळा आला की माणूस बूस्ट लावा म्हणून सांगून मोकळा होतो. उरलं ते एवढंच: टाकीत दोन हीटर आहेत. तळाचा चालत नाही. वीज बटणापर्यंत येते, रात्री साडेबारानंतर दिवा लागतो. तीन रात्रींचे आकडे हे असे. जूनचं आणि सप्टेंबरचं बिल सोबत. वीज कंपनीचं उत्तर सोबत. १९८५च्या घरमालक-भाडेकरू कायद्याच्या अकराव्या कलमाप्रमाणे पाणी तापवण्याची यंत्रणा दुरुस्त आणि चालू स्थितीत ठेवणं ही मालकाची जबाबदारी आहे. दुरुस्ती कधी करता ते तारखेसह कळवा.

हे कलम मला माहीत असण्याचं कारण नाही. तिथे सिटिझन्स ॲडव्हाइस नावाची संस्था भाडेकरूंना फुकट सल्ला देते, भाचीने तिच्या एका सहकारी नर्सच्या सांगण्यावरून त्यांना विचारलं. मला त्या कलमातली भाषा आवडली. ‘गरम पाणी येतंय’ आणि ‘यंत्रणा चालू स्थितीत आहे’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. सहावीच्या मुलालाही त्यांतला फरक सांगता येईल. तीन महिने एजन्सी पहिल्या वाक्याने दुसऱ्याचं उत्तर देत होती.

बुधवारी सकाळी ईमेल गेला. ‘पाठवा’ दाबायच्या आधी भाची पाच मिनिटं नुसती स्क्रीनकडे बघत बसली होती. ‘नोटीस दिली तर?’ मी म्हटलं, दिली तर बघू. हे मी फार धीराने म्हटलं असं नाही. रविवारी माझं विमान होतं, राहायचं तिला होतं, आणि हे तिलाही माहीत होतं, मलाही. शेवटी तिनेच दाबलं.

दुपारी उत्तर आलं, दोन ओळींचं. शुक्रवारी इलेक्ट्रिशियन येईल.

तो आला, वीज बंद केली, खालचं झाकण उघडलं, मीटरच्या दोन सुया लावल्या आणि अर्ध्या मिनिटात मान हलवली. एलिमेंट गेलं होतं, मधूनच तुटलं होतं. टाकी रिकामी करायलाच तासाभराच्या वर लागला. मग त्याने लांब पान्याने ते बाहेर ओढलं आणि मला हसू आलं, कारण ती वस्तू माझ्या चांगल्या ओळखीची होती. वाकलेल्या नळीवर बोटभर जाड पांढरा थर, मीठ साठल्यासारखा, काही ठिकाणी पापुद्रे सुटलेले. सोलापुरात आमच्या कॉलनीत बोअरच्या पाण्यावर गीझर लावला की दोन-तीन वर्षांत कॉइल अशीच निघते. लंडनचं पाणीही जड. त्या भागात जमिनीखाली चुनखडीसारखा खडू आहे, पाणी त्यातून मुरत येतं आणि क्षार घेऊन येतं. थर बसला की उष्णता पाण्यात जात नाही, एलिमेंट स्वतःच्याच तापाने जळतं. तळाचं आधी जातं, कारण सगळ्यात जास्त राबणारं तेच, आणि सुटलेले पापुद्रेही तळाशीच साठतात. इलेक्ट्रिशियनने खालून ओंजळभर चुरा काढला.

नवं एलिमेंट बसलं, थर्मोस्टॅटही नवा. त्याने काटा साठ अंशांवर ठेवला. भाचेजावई म्हणाला, पन्नासवर ठेवला तर बिल आणखी कमी येईल का? इलेक्ट्रिशियनने नकार दिला. साठवलेलं पाणी कोमट राहिलं तर त्यात लिजिओनेला नावाचे जंतू वाढतात, ते तुषारांबरोबर श्वासातून फुप्फुसात जातात. साठ अंशांना ते टिकत नाहीत. बाळाचं पाणी मात्र आधी गार, मग गरम घालून करायचं. भाचीने मान डोलावली, हे तिला रुग्णालयात रोज ऐकावं लागतं.

मी जुनं एलिमेंट मागून घेतलं, आठवीच्या मुलांना दाखवायला. विमानतळावर बॅग तपासणाऱ्याने ते वर धरलं, उलटसुलट केलं आणि परत ठेवलं. काही विचारलं नाही.

शनिवारी सकाळी मीटरवरचा रात्रीचा आकडा नऊने वाढला होता. भाचेजावईच ओरडत वर आला, तोवर माझी वजू करून झाली होती.

जादा गेलेल्या पैशांसाठी दुसरं पत्र लिहिलं, जुलैच्या मध्यापासून ऑक्टोबरअखेर साडेतीन महिन्यांचे दीडशे पौंड. एजन्सीने दोन आठवड्यांनी कळवलं की सदिच्छा म्हणून पंचाहत्तर पौंड पुढच्या भाड्यातून वजा करू, पण ही जबाबदारी मान्य केली असं समजू नये. फोनवर भाची खूश होती. ‘खाला, आधे तो मिले. छोड देना अब?’ मी तिला विचारलं, बाकीचे पंचाहत्तर कुणी वापरले? ती हसली. तिसऱ्या पत्राचा मसुदा तिने मला पाठवलाय, या वेळी इंग्रजीतच, आणि त्यात ‘कृपया’ एकदाच आहे. तेवढं मी राहू दिलं.